अठ्ठेचाळीस व्होल्टचे यंत्र आणि बारा व्होल्टचा सेल्फ : काटोलच्या शीतखोलीतील एका निर्णयाचा अभ्यास

इंजिन सुरू करणारी मोटर आणि इंजिनापासून वीज करणारे जनित्र ही मुळात एकाच जातीची यंत्रे आहेत. वीज दिली की फिरते आणि फिरवले की वीज देते, असे एकच यंत्र क्रँकशाफ्टवर बसवावे, की सेल्फ (सुरू करणारी मोटर) वेगळा आणि अल्टरनेटर (जनित्र) वेगळा ठेवावा, हा प्रश्न इंजिन बांधणाऱ्या प्रत्येकापुढे केव्हा ना केव्हा येतो. नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहानशा कारखान्यात तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा आम्ही वेगवेगळे उत्तर दिले. पहिले उत्तर का बदलावे लागले, हे आकड्यांसह मांडून ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण पहिल्या वेळी आमचा हिशेब चुकलेला नव्हता. आम्ही काय काय हिशेबात धरले, तिथे चूक होती.

काम असे होते. काटोल तालुक्यातील एका संत्रा बागायतदारांनी शेतातच एक शीतखोली बांधली होती. आंबिया बहाराची फळे तोडणीनंतर काही दिवस ५ ते ७ अंश सेल्सिअसला ठेवता आली, तर भाव पडलेला असताना माल घाईने काढावा लागत नाही, एवढाच त्यांचा सरळ विचार होता. छपरावर सौर पॅनल होते, खाली १६ सेलची लिथियम आयर्न फॉस्फेटची २०० अँपिअर-तासांची बॅटरी होती, म्हणजे साधारण १० किलोवॅट-तासांचा साठा, आणि त्यावर इन्व्हर्टरमार्फत कॉम्प्रेसर चालत असे. ढगाळ हवामानात किंवा लाइन गेल्यावर ही बॅटरी भरण्यासाठी त्यांना थेट ४८ व्होल्टची डीसी वीज देणारा डिझेल संच हवा होता. एसी जनरेटर लावायचा आणि मग चार्जरने त्याची पुन्हा डीसी करायची, हा द्राविडी प्राणायाम टाळणे दोघांनाही पटले.

इंजिन आम्ही शेतकऱ्यांच्या ओळखीचेच घेतले : एक सिलिंडर, ८७.५ मिलिमीटर बोअर, ११० मिलिमीटर स्ट्रोक, ६६१ सीसी, मिनिटाला १५०० फेऱ्यांना ५.२ किलोवॅट, कॉम्प्रेशन (हवा दाबण्याचे प्रमाण) १७.५ ला १. त्याच्या क्रँकशाफ्टच्या मोकळ्या टोकाला आम्ही कायम चुंबकाचे जनित्र बसवले आणि त्याला दोन्ही दिशांनी चालणारा मॉस्फेटचा (इलेक्ट्रॉनिक स्विचांचा) कंट्रोलर जोडला. बॅटरीतून वीज घेऊन हेच यंत्र इंजिन फिरवणार होते आणि इंजिन पेटले की तेच बॅटरी भरणार होते. सेल्फ नाही, फ्लायव्हीलभोवतीचा दातेरी रिंग गिअर नाही, त्याला फिरवणारे सेल्फचे लहान दातेरी चाक म्हणजे पिनियन नाही, वेगळी बॅटरी नाही. आराखडा कागदावर इतका स्वच्छ दिसत होता की आम्हाला त्याचा अभिमान वाटत होता.

आता या आराखड्यातील खरी अडचण आकड्यांतून पाहू. १५०० फेऱ्यांना ५.२ किलोवॅट म्हणजे इंजिनाचा नेहमीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे ३३ न्यूटन-मीटर. पण पिस्टन वरच्या टोकापासून अजून वीसेक अंश मागे असताना, सिलिंडरमधील हवा दाबली जात असताना, क्रँक पुढे ढकलायला लागणारा टॉर्क आमच्या हिशेबाने २९० न्यूटन-मीटरच्या आसपास जातो, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ नऊपट. हँडल मारणाऱ्याच्या मनगटाला हा आकडा कागदाशिवाय ठाऊक असतो, आणि म्हणूनच तो आधी डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे झडप उघडी ठेवून दाब सोडणारा, लिव्हर उचलून धरतो, फ्लायव्हीलला गती देतो आणि मगच लिव्हर सोडतो.

सेल्फ हा डोंगर गिअरच्या जोरावर चढतो. पिनियनला ९ दाते आणि रिंगला ११० असले, तर गुणोत्तर साधारण १२ ला १ होते आणि २९० न्यूटन-मीटरसाठी मोटरला २४च द्यावे लागतात. क्रँकवर थेट बसलेल्या यंत्राला असा गिअर नसतो, आणि लावताही येत नाही, कारण हाच १२ ला १ गिअर इंजिन १५०० फेऱ्यांवर गेल्यानंतर जोडलेला राहिला तर यंत्र १८००० फेऱ्यांनी फिरेल. सेल्फचे पिनियन इंजिन पेटताच बाहेर येते, मधल्या क्षणासाठी त्यात एकाच दिशेने जोर देणारा क्लच असतो, तो याचसाठी. एकत्रित यंत्राला मात्र सुरू करताना आणि चार्ज करताना एकाच गुणोत्तरावर जगावे लागते.

आम्हीही हँडल मारणाऱ्याचीच रीत उचलली. लिव्हर उचलायला सोलेनॉइड बसवला, इंजिन दाबाशिवाय ३०० फेऱ्यांपर्यंत न्यायचे आणि मग लिव्हर सोडायचा असे ठरवले. एकदा हवा दाबायला साधारण २५० ज्यूल ऊर्जा लागते. आमच्या जड फ्लायव्हीलमध्ये ३०० फेऱ्यांना ३९० ज्यूलच्या आसपास साठते. म्हणजे डोंगर फ्लायव्हीलच्या धावेवरच पार होतो आणि यंत्राला ६५ न्यूटन-मीटर एवढाच जोर पुरतो. चाचणीत इंजिन एका सेकंदाच्या आत पेटत असे, तेही सेल्फचा तो ओळखीचा दात-खाऊ आवाज न करता.

पण एक आकडा तेव्हाच थांबवून पाहायला हवा होता. हे यंत्र १५०० फेऱ्यांना ५४ व्होल्ट देते, म्हणून त्याला दर अँपिअरला साधारण ०.३४ न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क मिळतो. ६५ न्यूटन-मीटरसाठी कंट्रोलरमधून १९० अँपिअर जावे लागतात. चार्जिंगच्या वेळी मात्र ४ किलोवॅटला ७४ अँपिअर पुरतात. म्हणजे तासन् तास चालणाऱ्या कामाला लागतो त्याच्या अडीचपट मोठा कंट्रोलर आम्ही एका सेकंदाच्या कामासाठी विकत घेतला होता. एकत्रित यंत्राने एक मोटर वाचते हे खरे, पण त्या मोटरीचा भार इलेक्ट्रॉनिक्सच्या अंगावर जातो. आणि विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना संचाच्या पेटीतली हवा जेवढी तापते, तेवढ्या उष्णतेत सगळ्यात आधी थकणारी वस्तू इलेक्ट्रॉनिक्सच असते.

तरीही पहिला उन्हाळा संचाने निर्विघ्न काढला, हे नमूद करणे आवश्यक आहे. घोटाळा झाला तो ऑक्टोबरमध्ये, परतीच्या पावसात.

त्या रात्री काय झाले

तीन दिवस आभाळ भरलेले होते आणि वादळाने लाइन गेली होती. संच आपोआप सुरू व्हावा म्हणून आम्ही बॅटरीचे व्होल्टेज ४७ वर आले की इंजिन फिरवायचे, असे लावून ठेवले होते. शिसे-आम्लाच्या बॅटरीत वाढलेल्या माणसाची ही सवय आहे. त्या बॅटरीचे व्होल्टेज चार्जबरोबर हळूहळू उतरत जाते आणि साठा किती उरला हे त्यावरून बरेचसे कळते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे तसे नाही. मधला जवळजवळ सगळा पट्टा सपाट असतो आणि व्होल्टेज लक्षात येण्याइतके पडते, तोवर साठा तळाला गेलेला असतो. ४७ व्होल्ट म्हणजे सेलमागे तीन व्होल्टच्याही खाली. त्या क्षणी कंट्रोलरने यंत्राला जोर लावायला सांगितले, बॅटरीतून साठ-सत्तर अँपिअर ओढले गेले (कमी वेगात कंट्रोलर यंत्राला याहून बराच जास्त प्रवाह देतो) आणि नेमक्या त्याच वेळी शीतखोलीच्या थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसरही सुरू केला. सोळांपैकी सर्वांत कमजोर सेल अडीच व्होल्टच्या खाली घसरला आणि बॅटरीच्या संरक्षक सर्किटने, म्हणजे बीएमएसने, आपले कर्तव्य चोख बजावून अख्खी बॅटरी तोडली. कॉम्प्रेसर बंद, कंट्रोलर बंद, दिवेही बंद. डिझेलची टाकी मात्र भरलेली.

बागायतदारांना आम्ही सगळे काकाजी म्हणतो. त्यांनी फोन केला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. आधी त्यांनी स्वतःचा उपाय करून पाहिला होता. चाळीस वर्षे इंजिने हाताळलेला माणूस, तो हँडल घेऊन संचापाशी गेला. फोनवर ते एवढेच म्हणाले, ‘भाऊ, हँडल लावाले जागाच नाही ना इथं.’

ते बरोबर होते. हँडल ज्या टोकाला लागते, त्याच टोकावर आम्ही आमचे जनित्र बसवले होते. ट्रॅक्टर अंगणात उभा होता, त्याची बॅटरी चांगली होती, पण ती १२ व्होल्टची आणि आमचे यंत्र ४८ चे. गावात कुणाच्या घरून काय आणावे म्हणजे हे इंजिन फिरेल, याला उत्तरच नव्हते.

आम्ही कारखान्यातून १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या गाडीत घातल्या आणि साठेक किलोमीटर अंतर कापून पहाटे तीनच्या सुमारास पोचलो. चारही बॅटऱ्या मालिकेत जोडून कंट्रोलरच्या टर्मिनलांवर लावल्या, बटण दाबले आणि इंजिन पहिल्या प्रयत्नात पेटले. खोलीचे तापमान ६ वरून ११ अंशांपर्यंत चढले होते. भरलेल्या क्रेटमधील फळ लवकर तापत नाही, त्यामुळे माल वाचला. काकाजींनी आम्हाला चहा दिला, रागाचा एक शब्दही काढला नाही, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले.

दोष कुणाचा

दुसऱ्या दिवशी कारखान्यात बोलणे सुरू झाले, तेव्हा माझ्या सहकाऱ्याने ठामपणे सांगितले की यात एकत्रित यंत्राचा काहीही दोष नाही. सुरू करण्याची खूण चुकीची लावली होती, ती बदला. व्होल्टेजऐवजी बीएमएस मोजत असलेल्या अँपिअर-तासांवरून, ३० टक्के साठा उरला असतानाच इंजिन सुरू करा, आणि इंजिन फिरवण्याआधी कॉम्प्रेसरला थांबण्याचा आदेश द्या. हे म्हणणे पूर्णपणे खरे होते. पहिल्या संचात आम्ही दोन्ही बदल त्याच आठवड्यात केले आणि त्यानंतर तो त्या कारणाने अडलेला नाही.

पण शेजारच्या बागेसाठी दुसऱ्या संचाची मागणी आमच्या हातात होती आणि मला एक गोष्ट सोडवत नव्हती. डिझेल संच कशासाठी ठेवतात? बॅटरी संपली तर उपयोगी पडावा म्हणून. आणि आम्ही त्याला सुरू होण्यासाठी त्याच बॅटरीवर अवलंबून ठेवले होते. खूण कितीही नेमकी लावली, तरी बीएमएस बिघडणे, सेल कमजोर होणे, उंदराने वायर कुरतडणे यांपैकी काहीही झाले की सुरू करणे आणि चार्ज करणे दोन्ही एकदमच जातात. एकत्रीकरणाने सुटे भाग कमी होतात हे आपण मोजतो. एका बिघाडाने किती कामे बंद पडतात हे मोजत नाही.

आमच्यातील एकाचा भाऊ नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात विमानांच्या देखभालीत आहे. त्याने उलट बाजू मांडली, आणि ती मांडायलाच हवी होती. लहान टर्बाइन विमानांत २८ व्होल्टचे स्टार्टर-जनरेटर अनेक वर्षे सर्रास वापरले जातात. बोइंग ७८७ मध्ये तर प्रत्येक इंजिनावर २५० केव्हीएची अशी दोन यंत्रे आहेत आणि इंजिन सुरू करायला दाबाच्या हवेचा उपयोगच केला जात नाही. पण तिथली परिस्थिती नीट पाहिली की फरक दिसतो. टर्बाइनला कॉम्प्रेशनचा झटका नसतो, ते सलग जोराने हळूहळू वेग घेते, त्यामुळे गिअरवाचून होणारा तोटा तिथे जाणवत नाही. प्रत्येक उड्डाणात वाहून न्यावे लागणारे वजन वाचते, जे काटोलच्या सिमेंटच्या ओट्यावर बसलेल्या संचाला शून्य किमतीचे आहे. आणि त्या विमानात दोन इंजिनांवर मिळून चार आणि शेपटीतल्या सहायक इंजिनावर आणखी दोन, अशी सहा यंत्रे असतात. शिवाय विमानतळावर बाहेरून वीज देण्याची सोय असते. तिथे एका यंत्राला दोन कामे दिलेली आहेत, पण सगळा जीव एका यंत्रात ठेवलेला नाही.

दुचाकीचे उदाहरण आम्हाला अधिक जवळचे होते. होंडाची अ‍ॅक्टिव्हा ६जी २०२० मध्ये आली, तेव्हा तिच्यात वेगळा सेल्फ नव्हता. क्रँकवरचे चार्जिंगचे यंत्रच इंजिन फिरवते. झडप किंचित उघडून दाब कमी करणे आणि इंजिन आधी थोडे मागे फिरवून पिस्टनला धाव घेऊ देणे, या दोन युक्त्यांनी लहान यंत्रावर ते काम निभावते. सिग्नलला थांबून पुन्हा चालू होणाऱ्या गाडीला हेच योग्य आहे, कारण दिवसातून अनेकदा सुरू करायचे असेल तर झिजणारे दातेच नकोत. तरीही त्या गाडीची किक कंपनीने काढली नाही. मारुती सुझुकीच्या माइल्ड हायब्रिड मोटारींतही पट्ट्यावर चालणारे एकत्रित यंत्र असूनही चावीने पहिल्यांदा गाडी सुरू करायला नेहमीचा सेल्फ ठेवलेला असतो. ज्यांनी एकत्रित यंत्र निवडले, त्यांनीही आपापल्या परीने दुसरी वाट मोकळी ठेवली, ती आम्ही हँडलच्या टोकावर जनित्र बसवून बुजवली होती.

इतिहासही असाच फिरत आलेला आहे. चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्कोने १९१२ च्या कॅडिलॅकला जो विजेचा स्टार्टर दिला, तो एकत्रित होता. सुरू करताना २४ व्होल्ट आणि चार्ज करताना ६ व्होल्ट अशी त्याची जोडणी बदलत असे. पुढे पिनियन आपोआप आत-बाहेर करण्याची सोपी रचना मिळाली, जिला आपले मेकॅनिक आजही तिच्या कर्त्याच्या नावाने बेंडिक्सच म्हणतात, आणि वेगळा सेल्फ स्वस्त झाला. १९१९ पासून फोर्डच्या मॉडेल टीला विजेचा स्टार्टर मिळाला, तोही जनरेटरपासून वेगळा. आता इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झाल्याने पारडे पुन्हा एकत्रिताकडे झुकले आहे. कोणते अधिक आधुनिक, हा निकष म्हणूनच इथे उपयोगाचा नव्हता.

दुसरा संच

दुसऱ्या संचासाठी मी वेगळ्या सेल्फचा आग्रह धरला आणि अखेर तसेच ठरले. निर्णायक मुद्दा तांत्रिक कमी आणि जागेचा जास्त होता : १२ व्होल्ट गावात प्रत्येक अंगणात आहे. ट्रॅक्टरमध्ये आहे, जीपमध्ये आहे, किराणा दुकानाच्या इन्व्हर्टरमागे आहे. रात्री एक वाजता संचापुढे उभ्या असलेल्या माणसाला दोन जाड वायरी आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मिळाला, की त्याचे काम होते. कार्बन ब्रश झिजले किंवा बेंडिक्स अडकले, तर काटोलचा ऑटो इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात सेल्फ उघडून परत बसवतो. १९० अँपिअरचा कंट्रोलर जळला, तर तो नागपुरातही दुरुस्त होईल याची खात्री मी देऊ शकत नव्हतो.

सहकाऱ्याचा आक्षेप असा होता की वेगळ्या सेल्फबरोबर वेगळी बॅटरी येते आणि जनरेटर सुरू न होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हीच दुर्लक्षित बॅटरी असते. महिनाभर संच न चालवता ती पडून राहते आणि गरज पडते त्या दिवशी सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. हा आक्षेप मी मान्य केला आणि तो आराखड्यात उतरवला. ४८ वरून १२ व्होल्ट करणारा एक लहान चार्जर त्या बॅटरीला कायम जोडला, जेणेकरून ती नेहमी भरलेली राहील, आणि आठवड्यातून एकदा गरज नसतानाही इंजिन पाच मिनिटे चालवण्याची वेळ लावून दिली. मोठी बॅटरी मेली तरी लहान बॅटरी शेवटी भरलेल्या अवस्थेत हाताशी असते.

कायम चुंबकाचे जनित्र आम्ही तसेच ठेवले, पण त्याला फक्त एका दिशेने चालणारा थायरिस्टरचा रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारे सर्किट, लावला. त्याला ७४ अँपिअर सोसले की पुरते आणि त्यातला प्रत्येक भाग सुटा मिळतो. वाहनातला नेहमीचा अल्टरनेटर का नाही, असे विचारले जाते, म्हणून सांगतो. त्याची कार्यक्षमता साठ-सत्तर टक्क्यांच्या घरात असते आणि ४ किलोवॅट मिळवायला क्रँकवर ६ किलोवॅट लागले असते, जे या इंजिनाजवळ नाहीतच. जनित्र आता फ्लायव्हीलच्या बाजूला कपलिंगने जोडले आहे आणि हँडलचे टोक मोकळे आहे. त्या टोकावर काकाजींच्या शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हँडल लावून, लिव्हर उचलून, इंजिन स्वतः पेटवून पाहिले, आणि मगच संच ताब्यात घेतला.

रिंग गिअर बसवण्याचे काम मला स्वतः करायचे होते. फ्लायव्हीलचा काठ लेथवर उतरवला, रिंग भट्टीत ठेवली आणि घासून चकचकीत केलेल्या भागावर गव्हाच्या काडीसारखा पिवळसर रंग चढेपर्यंत तापवली, म्हणजे सुमारे २२० अंश. त्याहून पुढे निळा रंग आला तर दात्यांचा कडकपणा जातो. पिवळी झालेली रिंग चिमट्याने उचलून फ्लायव्हीलवर सोडली, ती आपोआप खाली बसली आणि गार होताना तिने काठ असा धरला की नंतर हातोड्यानेही हलली नाही.

वेगळ्या सेल्फचा एक तोटा मात्र राहिला आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. एक सिलिंडरचे इंजिन बंद होताना पुढच्या कॉम्प्रेशनला अडून साधारण एकाच कोनात थांबते. म्हणजे पिनियन प्रत्येक वेळी रिंगच्या त्याच पाच-सहा दात्यांवर जाऊन आदळते. या फेब्रुवारीत मृग बहाराची तोडणी सुरू होण्याआधी मी झाकण काढून पाहिले. त्या दात्यांची पुढची कड चमकत होती, बोट फिरवल्यावर किंचित गोल लागत होती, बाकीची रिंग नव्यासारखी होती. त्या जागेवर मी पांढऱ्या रंगाची खूण करून आलो आहे. झीज दात्याच्या एक चतुर्थांशापर्यंत गेली, की रिंग तापवून उतरवायची आणि पाव फेरा फिरवून पुन्हा बसवायची असे ठरले आहे. संचाच्या पेटीच्या दाराला आतून दोन जाड वायरींची जोडी टांगलेली आहे, तिची लांबी ओट्यापासून ट्रॅक्टर उभा राहतो त्या जागेपर्यंत मोजून घेतली आहे.